उंबऱ्यावरचे ब्रेकवाले बाबा

दोन वर्षं मी माझ्या स्वतःच्या घरात मोरीच्या दाराने येत-जात होते. पुढचं दार होतं की, चांगलं सागवानी, दोन फळ्यांचं, पितळी कडीचं; पण ते देवाने घेतलं होतं. आणि देव तरी कोण? ज्याला धड खालचा जबडासुद्धा नाही, असा एक दगडी राक्षस. आता सांगताना मलाही हसू येतं, पण तेव्हा माझ्यासमोर कोणी हसलं असतं ना, तर मी त्याला सुईच टोचली असती. सुई माझ्या हाताशीच असायची. मी सरकारी दवाखान्यात नर्स होते.

आमचे हे हायस्कूलात चित्रकला शिकवायचे. लग्नानंतर आम्ही भिवंडीत एका चाळीत राहिलो, खाली लूम आणि वर आम्ही. खटखट इतकी अंगवळणी पडली होती, की लाइट जाऊन लूम बंद पडले की धाकटी दचकून उठून रडायची. खोलीचं दार गॅलरीत उघडायचं आणि गॅलरीत मालकाचे कापडाचे तागे रचलेले. पाहुणा आला तर त्याला अंग चोरून, ताग्यांना पोट घासत आत यावं लागे. मला घर नको होतं हो, मला दार हवं होतं. समोर अंगण असेल, माणूस सरळ चालत येईल आणि मी म्हणेन, "या, या." एवढंच.

सासऱ्यांनी रेल्वेच्या नोकरीत असताना गावाला, वडप्याच्या अलीकडे, रस्त्यालगत एक तुकडा घेऊन ठेवला होता. ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा तिथे बांधायला काढलं. जोत्यात भरायला डबर मागवला. गावातलं जुनं तळं बुजवून तिथे गोडाऊनसाठी जागा सपाट करत होते, तिथला डबर डंपर भरून आला आणि अंगणात ओतला. मी चहा घेऊन बाहेर आले तर आमचे हे त्या ढिगाऱ्यावर गुडघे टेकून बसलेले.

"अगं, कीर्तिमुख!" ते म्हणाले. मला वाटलं साप निघाला.

दगडावर एक तोंड कोरलेलं होतं. बटाट्यासारखे बाहेर आलेले डोळे, फेंदारलेलं नाक, वरच्या ओळीचे दात, आणि जबड्याच्या दोन्ही बाजूंनी पानांच्या वेली भसाभसा बाहेर पडलेल्या. एक कोपरा तुटला होता, बाकी सगळं शाबूत. आमच्या ह्यांना असल्या दगडांचं वेडच. सुट्टीच्या दिवशी सायकल काढायची, कुठल्या तरी पडक्या देवळाच्या दारावर कागद ठेवायचा, वर कोळसा घासून नक्षीचा ठसा घ्यायचा. आमच्या पलंगाखाली चादरींपेक्षा त्या गुंडाळ्याच जास्त. ते सांगायचे, जुन्या देवळात खरी कारागिरी बघायची तर दारावर बघ. चौकटीच्या एकेका पट्टीला शाखा म्हणतात, एक पानांची, एक रत्नांची, एक नागांची. वर ललाटावर गणपती, खाली द्वारपाल, आणि उंबऱ्यावर हे तोंड. शिलाहारांच्या काळातलं, आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचं.

"आणि ह्याचं काम काय?" मी विचारलं.

"काम असं काही नाही. दारात बसायचं, डोळे वटारायचे. आत जाणाऱ्याने ओलांडून जायचं."

"म्हणजे तुमच्यासारखंच," मी म्हटलं.

ते तालुक्याला जाऊन एका साहेबांना सांगूनही आले. साहेब म्हणाले, मास्तर, असले दगड गावोगाव पडलेत, तुम्हाला आवडतो तर जपून ठेवा. झालं! ह्यांनी गवंड्याला सांगितलं, उंबऱ्याचा दगड आहे, उंबऱ्यालाच लागला पाहिजे. मला काही वावगं वाटलं नाही. दार माझं, त्याला एक पहारेकरी फुकट मिळाला. आमच्या विहारातली वडीलधारी मंडळी मात्र लगेच आली. "देव सोडून आपल्याला इतकी वर्षं झाली, आणि सर, तुम्ही दारात राकूस बसवता?" ह्यांनी त्यांना चहा पाजला, फरशीवर खडूने अख्खी द्वारशाखा काढून दाखवली, आणि हा देव नसून नक्षी आहे हे तासभर पटवून दिलं. मंडळींना पटलं की तासाभरात कंबर धरली, ते कळलं नाही. पण उठून गेली.

सगळं सुरळीत चाललं असतं. पण पावसाळ्यात एका सकाळी राहनाळच्या गोडाऊनकडे निघालेल्या एका ट्रकचा ब्रेक लागेना. ट्रक रस्ता सोडून आमच्या अंगणात घुसला, माझी पपई आडवी केली, चिखलात चाकं रुतली आणि पायरीपासून वीतभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर खाली उडी मारायला गेला तो चिखलात पालथाच पडला, आणि मान वर करतो तर समोर हे तोंड, डोळे वटारून बघतंय.

"बाबा ने रोक लिया, सिस्टर!" तो हात जोडून रडायलाच लागला.

"अरे, पपई ने रोक लिया," मी म्हटलं. "चिखल ने रोक लिया." पण ऐकतो कोण?

दुसऱ्या दिवशी तो नारळ घेऊन आला. त्याच्या मागोमाग आणखी ड्रायव्हर आले. हायवेवर सगळीकडे झालं, ब्रेकवाले बाबा. नवी गाडी घेतली की आधी आमच्या अंगणात. मग लूमवाल्यांनी ऐकलं. ब्रेकचा आणि लूमचा काय संबंध, मला विचारू नका. पण लूमवर सुताची नवी बीम चढवायची तर अगरबत्ती बाबांना. मग गावकरी म्हणाले, आपल्या गावच्या तळ्यातला देव आणि भय्ये लोक पुजतात, आपण काय झोपलोय? शनिवारी तेल ओतायला बायकांची रांग लागली. कोणीतरी माझ्या चौकटीला खिळा ठोकून घंटा टांगली. माझ्या सागवानी चौकटीला! मी नाइट करून येऊन जरा डोळा लावते न लावते तोच ठण्ण.

आमचे हे? त्यांना आधी आनंदच झाला. लोक शिल्प बघायला लागले म्हणे. येईल त्याला ते खडू घेऊन समजावायचे, "हा देव नाही, हे कीर्तिमुख, हा अलंकार आहे." लोक मान हलवून "हो सर, बरोबर सर" म्हणायचे आणि अलंकारावर पावशेर तेल ओतायचे. वेलींची पानं शेंदराने बुजायला लागली तेव्हा कुठे ह्यांचा जीव कासावीस झाला. पण तोंडावर नाही म्हणायची हिंमत त्यांच्यात पहिल्यापासून नाही. माझ्याशी लग्नसुद्धा त्यांनी त्यामुळेच केलं असावं.

मी म्हटलं, निदान पाटी तरी लावा. त्यांनी लावली. "हे देऊळ नाही." मराठीत आणि हिंदीत. पण चित्रकलेचा मास्तर तो! अक्षरं अशी वळणदार, भोवती वेलबुट्टी, वर दोन हंस. दोन दिवसांत लोक पाटीलाही हळदकुंकू लावायला लागले.

गवंड्याला म्हटलं, दगड काढ बाबा. तो चार पावलं मागे सरला. "हात झडतील माजे, सिस्टर." मग मी गावातल्या मोठ्या घरी गेले. त्यांच्या जमिनी गोडाऊनला गेलेल्या, गावात त्यांचा शब्द चाले. घरधन्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सिस्टर, काळजी करू नका, आपन वर पत्र्याचा मंडप टाकून देतो." मी हात जोडून परत आले. त्या घरातल्या म्हाताऱ्या आजी, घरधन्याची आई, दर शनिवारी तेलाची वाटी घेऊन स्वतः येत. मला रस्त्यात भेटल्या की प्रेमाने विचारत, "बाबांची पूजा नीट व्हते ना गो?"

आणि एकदा मला ड्युटीला उशीर झाला म्हणून मी बूट घालून, नारळ-पणत्या ओलांडून तरातरा पुढच्या दाराने निघाले. बाया ओरडल्या, "सिस्टर, बाबांना पाय लागला!" नेमकं त्याच आठवड्यात मला गालगुंड झालं. तोंड असं सुजलं की उंबऱ्यावरचा कोण आणि घरातली कोण, सांगता येईना. बाबांची कीर्ती पार शहापूरपर्यंत गेली. त्यानंतर पोरांनी, ह्यांनी आणि मी मोरीचं दार धरलं.

इथपर्यंत नुसता वैताग होता. खरी पंचाईत सासूबाईंची होती.

सासूबाई गावातच, आमच्या जुन्या वस्तीत राहायच्या. माहेर आणि सासर एकच गाव. सासरे आधीच वारलेले; मोठे दीर नोकरीसाठी नाशिकला गेले तशा त्या एकट्याच पडल्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, चालताना भिंत चाचपायच्या; आमचं घर, उंबऱ्यावरचा दगड, सगळं नुसतं ऐकून ठाऊक. एकदा अंगणात पडून दुपारभर तशाच होत्या. मी ड्युटीवर लोकांच्या आयांचे हातपाय दाबायचे आणि माझी सासू तिकडे अंधारात चूल पेटवतेय, हे मला खात होतं. मी किती वेळा न्यायला गेले. त्यांचं एकच.

"पुढलं दार मोकलं झालं का?"

"नाही हो आई. पण मागून या ना, मागे पायऱ्याही नाहीत."

"मागल्या दारानं मी आख्ख्या गावात गेले," त्या म्हणायच्या. "शेन काढायला, शिलं मागायला. पोराच्या घरात मी पुढल्या दारानं येनार. न्हाय तं हितंच बरी हाय."

त्यांचं बरोबर होतं, आणि तरीही मला त्यांचा राग यायचा, ह्यांचा यायचा, आणि त्या दगडाचा तर असा यायचा की विचारू नका.

शेवटी डोळ्याचं ऑपरेशन मीच आमच्या दवाखान्यात करवून घेतलं. पट्टी सुटली, काळा चष्मा लागला, डॉक्टर म्हणाले आता घरी न्या. पण वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, चुलीच्या धुरात बसायचं नाही. म्हणजे वस्तीतल्या घरी एकटं ठेवायचा प्रश्नच नव्हता. मी त्यांना काही न विचारता रिक्षात घातलं आणि थेट आमच्या घरी आणलं. नेमका शनिवार. अंगणात ही गर्दी. पार अंगणाबाहेर चपलांचा ढीग.

सासूबाई काठी टेकत उतरल्या. मी हळूच त्यांना घराला वळसा घालून न्यायला लागले.

"कुठं नेतस मला?" त्यांनी हात सोडवून घेतला आणि सरळ चालत गर्दीत शिरल्या. काळा चष्मा, हातात काठी, बाया आपोआप बाजूला झाल्या. दारापाशी येऊन त्या थांबल्या. खाली बघितलं. चष्मा थोडा वर केला, पुन्हा बघितलं.

"अगो बाय," त्या म्हणाल्या. "ह्यो तं तल्यावरच्या देवलाचा!"

"आजी, वाकून हात लावा, बरं वाटंल," एक बाई म्हणाली.

"त्यांना वाकायचं नाहीये," मी खेकसले. "ऑपरेशन झालंय."

सासूबाईंचं लक्षच नव्हतं. त्या बोलत होत्या, कोणाला ते मला नीट कळेना, बहुतेक दगडालाच. "मी पोर व्हते. आये संगं जायचे. आमाला चिंचंच्या खाली उभं करायचे, त्याच्या पुढं पाऊल न्हाय टाकायचं. तिथनं आतला देव न्हाय दिसायचा. ह्यो दिसायचा. मी ह्याच्याकडं बगायचे, ह्यो माज्याकडं बगायचा. देऊल पडलं, तलं बुजलं, पन मी आत काय गेले न्हाय."

मोठ्या घरच्या आजी तेलाची वाटी धरून पुढेच उभ्या होत्या. त्यांनी नजर खाली घातली.

"आता ह्यालाच इचारते," सासूबाई म्हणाल्या. काठी छातीशी धरली आणि दगडाकडे बघत ठणकावून विचारलं, "काय रं, जाऊ का आत?"

आणि कान देऊन उभ्या राहिल्या. तुम्हाला सांगते, सगळं अंगण कान देऊन उभं राहिलं. ड्रायव्हर, लूमवाले, गावकरी, आमचे हेसुद्धा. एक पोरगं घंटेला हात घालायला गेलं, तर त्याच्या आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"जा म्हनतो," सासूबाईंनी जाहीर केलं, लुगडं जरासं वर धरलं, आणि पणत्या, नारळ, राक्षस सगळं एका पावलात ओलांडून आत गेल्या.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला बोलू, ह्यांच्याही आलं. पण रडायला फुरसत मिळेल तर ती माझी सासू कसली! आतल्या खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी हाक दिली, "सूनबाय, च्याचं आदन ठेव. आनि तुमी समदे बाहेर काय उभे? दर्शन झालं ना? आत या, च्या घ्या. ह्यो दारातला हाय. दारातल्याला भेटून कोनी परत जातो का?"

आता बघा गंमत. सगळ्या गर्दीला एकाएकी कामं आठवली. एकीचं दूध चुलीवर होतं, एकाची म्हैस सुटली होती, एकाचा तर त्या दिवशी चहाचाच उपास निघाला. सगळ्यांनाच मी एका माळेत ओवत नाही, एखाद्याची म्हैस खरंच सुटली असेल. पण दोन वर्षं माझ्या उंबऱ्यावर डोकी टेकणाऱ्या गावकऱ्यांपैकी एकानेही उंबऱ्याच्या आत येऊन पेलाभर पाणी प्यायलं नव्हतं. हे तोवर माझ्या लक्षातही आलं नव्हतं. दार मिळत नाही म्हणून मी भांडत होते. दार मिळालं असतं तरी त्यातून येणार कोण होतं?

आत आला तो फक्त तो पपईवाला ड्रायव्हर. दोन कप प्यायला.

सासूबाईंनी मग नेमच केला. पुढच्या खोलीत खुर्ची टाकून बसायच्या. कोणी वाकला की आतून आवाज, "झालं का? ये, च्या घे." गावकरी शनिवार चुकवायला लागले. ड्रायव्हर बिचारे आनंदाने यायचे, इतके की मला दूध पुरेना; पण सासूबाई त्यांना गावाकडची बायको, पोरं, शेवटची चिठ्ठी कधी लिहिली, सगळं खोदून विचारायच्या, आणि जाताना दारू सोडायची शपथ घालायच्या. हायवेवर ही बातमी पसरली आणि तीही गर्दी ओसरली. एका रविवारी आमच्या ह्यांनी सोडा, गरम पाणी आणि ब्रश घेऊन दगड घासला. एकेक पान वर येत होतं आणि हे प्रत्येक पानाला मला हाक मारत होते. घंटा मी काढली.

महिनाभर गेला असेल. दुपारी मी भाजी निवडत बसले होते, तर अंगणात मोठ्या घरच्या आजी. एकट्याच. हातात तेलाची वाटी नव्हती. दगडाला हात जोडले नाहीत, तशाच उभ्या राहिल्या.

"कोन हाय?" सासूबाईंनी विचारलं.

"मी हाय गो."

"मंग ये की."

आजींनी चपला काढल्या. माझ्याकडे हात केला, मी धरला, आणि त्या दगड ओलांडून आत आल्या. दोघी एकाच वयाच्या, लहानपणापासून एकाच गावात राहिलेल्या, पण एका खोलीत बसण्याची ती पहिलीच खेप. पावसाचं झालं, गुडघ्यांचं झालं. मी पाहुण्यांच्या कपात चहा आणला. आजींनी बशीत ओतला, फुंकर मारली आणि प्यायल्या.

सासूबाई एकदम पुढे सरकल्या. "गो, तू तं आत जायचीस. काय व्हतं गो आत?"

आजींनी बशी खाली ठेवली.

"काय न्हाय गो," त्या म्हणाल्या. "अंधार व्हता. पिंड हाय म्हनायचे, पन मला काय दिसली न्हाय. वटवाघलां व्हती, डोक्यावरनं फडफड उडायची. मी जाम भ्यायचे. डोलं मिटून हात जोडायचे आनि पलत बाहेर यायचे."

"वाघलां?" सासूबाई म्हणाल्या, आणि हसत सुटल्या. असं हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. खुर्ची हलायला लागली, ठसका लागला, मी डोळ्याला ताण येईल म्हणून ओरडते आहे आणि त्या हसताहेत. "वाघलां! अगो बाय, आख्खा जन्म मी इचार करतेय, आनि वाघलां!" आजीही हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून.

मग सासूबाई थांबल्या. चष्मा काढून डोळे टिपले.

"पन वाघलां तं वाघलां गो," त्या म्हणाल्या. "ती मी बगायला पायजे व्हती."

आजींनी मान हलवली. थोड्या वेळाने त्यांनी कप पुढे केला, आणि मी त्यांना अजून अर्धा कप चहा ओतला.